खाली मानूस हाय

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण आधी हेच म्हणतो, मला ठाऊक आहे. मीही आजवर अशा गोष्टी वाचून हसत आलोय. पण ही माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडली. मोनिका तिचं नाव. इंजिनियर आहे. लहानपणी तिन्हीसांजेला आम्ही सगळी पोरं गावाबाहेरच्या चिंचेखालून धूम पळत जायचो, तेव्हा ही एकटी चिंचा वेचत मागून यायची. कुणी घाबरवावं आणि हिनं घाबरावं, असलं ते पाणी नाही.

आणखी एक सांगतो. या गोष्टीत अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. स्मशानसुद्धा नाही.

शुक्रवार होता. भर दुपार. मार्च महिन्याचं ऊन. जागा म्हणाल तर आपली नगरची नागापूर एमआयडीसी. बाहेर ट्रकची ये-जा, टपरीवर चहा, शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापायची मशीन चालू.

आणि आत...

आत मात्र बारा महिने तेरा काळ रात्रच असते.

मोनिका ज्या कंपनीत नोकरी करते, ती कंपनी मोबाईल स्टार्टर बनवते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. विहिरीवर खांबाला पेटी असते, पेटीत सिमकार्ड. घरबसल्या त्या नंबरला मिस कॉल द्यायचा, की मोटार चालू. थंडीत रात्री लाइट आली तरी गोधडीतून उठायला नको.

मोटार चालू झाली की पेटी स्वतः बोलते. खांबावरही बोलते आणि फोनवरही कळवते.

"मोटार चालू झाली हाय."

'आहे' नाही. 'हाय'.

तो आवाज बिभीषणचा. बिभीषण म्हणजे कंपनीचा फिटर. गावोगाव जाऊन स्टार्टर बसवायचा. त्याची वस्ती घोडेगावच्या अलीकडे. तरुणपणी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात हा भोंग्यावर पुकारायचा. "बांड्या बैलाचा मालक जिथं कुठं आसंल तिथनं हापिसाकडं यावं." खणखणीत आवाज, बाजाराच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा. म्हणून कंपनीचे मालक आदिनाथ सर त्याला म्हणाले, स्टार्टरमध्ये तुझाच आवाज भरू. 'आहे' म्हणायला किती शिकवलं, पण गड्याच्या तोंडून 'हाय'च येईना. शेवटी सरांनी हात टेकले. आणि गंमत म्हणजे लोकांना तेच आवडलं. सोनईकडची एक म्हातारी तर पेटी बोलली की "बरं बाबा" म्हणून उत्तर द्यायची.

चारच वाक्यं होती. मोटार चालू झाली हाय. मोटार बंद झाली हाय. लाइट न्हाई. पानी न्हाई. मोनिकानं स्वतः ती चिपमध्ये भरली होती.

चारच. हे ध्यानात ठेवा.

संक्रांत होऊन गेली आणि बिभीषण गेला.

स्वतःच्याच विहिरीत गेला. पाणबुडी मोटारीची दोरी कपारीत अडकली होती, ती सोडवायला तो खाली उतरला. आता विहिरीत उतरताना आपल्याकडे काय करतात? अंगावरचं काही काढून स्टार्टरच्या दांड्यावर अडकवतात. टोपी, नाहीतर टॉवेल. म्हणजे मोटार चालू करायला आलेल्या माणसाला कळतं, खाली कुणीतरी आहे. आजा करायचा, बाप करायचा, तेच पोरगा करतो.

मेन स्विच मात्र कुणी पाडत नाही. मेन असतो लांबच्या खांबावर. तेवढ्यासाठी तिथवर कोण जातो? फिटर असून बिभीषणनंही तेच केलं. पांढरी टोपी काढली, पेटीला अडकवली आणि खाली उतरला.

पण टोपी बघायला स्टार्टरजवळ यावं लागतं ना? फोनवरून मोटार चालू करणाऱ्याला टोपी कशी दिसणार?

कमरेएवढं पाणी. हात मोटारीवर. केबलचा जोड उघडा. वर पेटीत खट् असा आवाज झाला...

आणि त्याच्याच आवाजात पेटी बोलली. "मोटार चालू झाली हाय."

स्टार्टरमध्ये दोनच नंबर भरलेले होते. तिसऱ्या नंबरवरून कॉल आला तर तो घेतच नाही. एक नंबर बिभीषणचा. त्याचा फोन विहिरीच्या काठावर, शर्टाच्या खिशात होता.

दुसरा नंबर त्याच्या बायकोचा. रंगुबाईचा.

दहाव्याला आदिनाथ सर आणि मोनिका गेले होते. भावकीतल्या कुणीतरी सरांना विचारलं, "सायेब, ह्यो डबा आपला आपण चालू व्हतो का?" सर म्हणाले, "नाही. नोंदवलेल्या नंबरवरून कॉल आल्याशिवाय आमचा स्टार्टर चालू होत नाही." त्यांना तेच खरं वाटत होतं, म्हणून त्यांनी तेच सांगितलं.

झालं. त्या एका वाक्यानं निकाल लागला. रंगुबाईच्या फोनमध्ये त्या दिवशीचा कॉल होताच. सकाळी गव्हाला पाणी द्यायला तिनं मोटार चालू केली होती. तो सकाळचा की नंतरचा, वेळ बघायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

"म्या दुसऱ्यांदा कॉल न्हाई केला, ताई," ती मोनिकाचा हात धरून म्हणाली. "लेकराची आण. न्हाई केला."

मोनिकानं हळूच हात सोडवून घेतला.

तेव्हापासून रंगुबाईच्या हातचं पाणी घरात कुणी पीत नव्हतं. सासऱ्यानं, आप्पासाहेबांनी, तिची चूल वेगळी केली. नवऱ्याला मारलेली बाई. मुद्दाम नाही, चुकून, पण मारलेली. गाव असंच बोलायचं.

आता त्या शुक्रवारकडे येतो.

कोपरगावच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं स्टार्टरची भली मोठी ऑर्डर दिली होती. अट एकच. तपासणीचं सर्टिफिकेट पाहिजे. आजवर कुणी मागितलं नव्हतं, म्हणून कुणी काढलं नव्हतं. तपासणी कशाची? तर आजूबाजूला रेडिओ, वायरलेस, टॉवर अशा नाना लहरी असतात, त्यांच्यामुळे यंत्र बिथरतं का, याची.

त्यासाठी नागापूरमध्येच एक लॅब आहे. लॅबमध्ये एक लोखंडी खोली. भिंती, छत, दार, सगळं पत्र्यानं बंद. दाराच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या. दार लागलं की बाहेरची एकही लहर आत येत नाही. मोबाईलची रेंज जाते. आतून भिंतींना काळेनिळे टोकदार स्पंज लावलेले, लहरी शोषून घ्यायला. ते आवाजही शोषतात. आत बोललेलं आतच मरतं. स्वतःचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटतो.

मधोमध लाकडी टेबल. टेबलावर स्टार्टर. समोर अँटेना. मोटारीच्या जागी एक साधा बल्ब जोडलेला. बल्ब पेटला म्हणजे मोटार चालू झाली असं समजायचं. स्टार्टरमधलं सिम काढून ठेवलेलं.

सिम नाही. रेंज नाही. म्हणजे कॉल येण्याचा प्रश्नच नाही.

लॅबचा फैयाजभाई बाहेर मशीनवर बसला होता. कितीतरी वर्षं हेच काम करणारा, शांत माणूस. अँटेनातून लहरी सोडायच्या, खालच्या पट्ट्यापासून, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीपासून, सुरू करून हळूहळू वर जायचं. आतलं सगळं बाहेर स्क्रीनवर दिसतं. माइकमधून ऐकूही येतं.

सव्वा वाजत आला आणि फैयाजभाई उठला.

"मॅडम, जुम्मा आहे. नमाज पढून येतो. मशीन आपोआप पुढं जात राहील. तुम्ही फक्त बल्बवर नजर ठेवा."

"या तुम्ही. मी आहे."

तो गेला. लॅबमधली बाकीची माणसं जेवायला गेलेली. मोनिका एकटी उरली.

स्क्रीनवर पेटी. बंद बल्ब. स्पीकरमधून आतली शांतता ऐकू येत होती. शांतता ऐकू येते का, असं तुम्ही म्हणाल. मोनिका म्हणते, येते. कानावर कुणी हात दाबून धरल्यावर येते तशी.

मशीन एक एक आकडा पुढे सरकत होतं.

आणि मग...

टप्.

पाण्याचा थेंब पडावा तसा आवाज.

मोनिकानं मान वर केली. आत पाणी नाही. नळ नाही. एसीचा पाइपसुद्धा नाही.

टप्... टप्...

तिनं स्पीकरचा आवाज वाढवला. थेंब पाण्यातच पडत होते. खोल कुठेतरी. प्रत्येक थेंबामागून घुमल्यासारखं होत होतं. त्या खोलीत काही घुमूच शकत नाही. खोली बांधलीय त्यासाठीच.

खट्.

बल्ब पेटला.

"मोटार चालू झाली हाय."

मोनिकाच्या काळजात चर्र झालं. पण ती इंजिनियर. आधी तिनं आकडा बघितला, मग लहरी बंद केल्या. बल्ब विझला. मशीन जरा मागं घेऊन पुन्हा सोडलं. त्याच आकड्याला पुन्हा खट् आणि पुन्हा बल्ब.

तिच्या अंगावर काटा आला, पण अजून तो भुताचा नव्हता.

कॉल नाही, सिम नाही, कुणाचा हात नाही. तरीही स्टार्टर चालू होतोय. पेटीतली एक वायर लांब राहिली होती, ती अँटेनासारखी लहर ओढून घेत होती. आपला आपण चालू होत होता.

'म्या कॉल न्हाई केला, ताई. लेकराची आण.'

मोनिकाला तिथंच रडू आलं. खरं बोलणाऱ्या बाईला सगळ्यांनी मिळून खोटं पाडलं होतं.

तिनं लहरी पूर्ण बंद केल्या. मशीनचा दिवा विझला. आत आता काहीच जात नव्हतं. पेटी शांत. बल्ब बंद.

आणि स्पीकरमधून आवाज आला.

"मोटार बंद करा..."

मोनिका जागीच थिजली.

"मोटार बंद करा. खाली मानूस हाय."

आवाज तोच होता. बाजारात पुकारणारा. फक्त दमलेला, आणि खालून वर बघून बोलल्यासारखा.

चारच वाक्यं भरली होती तिनं. हे त्यांतलं नव्हतं.

मोनिका उठली. दुसरं कुणीही बाहेर पळालं असतं. ही लोखंडी दाराकडे गेली. दांडा ओढला, दार उघडलं, आत गेली. हातातल्या फोनची रेंज गेली.

"बिभीषणभाऊ?"

शब्द ओठांवरच मेले.

आत काही नव्हतं. टेबल, पेटी, बल्ब. फरशी कोरडी ठणठणीत. पण वास... शेवाळाचा वास. उन्हाळ्यात विहिरीत वाकून बघितलं की येतो तो गार, ओला वास. तिनं पेटीवर हात ठेवला. पेटी गार पडली होती. चालू यंत्र गरम असतं.

ती बाहेर आली, दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात फैयाजभाई परतला. डोक्यावरची जाळीची टोपी काढून घडी करत तो स्क्रीनसमोर बसला.

स्क्रीनकडे बघून थांबला.

"मॅडम, आत टोपी कुणी ठेवली?"

"कसली टोपी?"

"ही काय, स्टार्टरवर. पांढरी. असं काही ठेवत नाहीत आत, टेस्ट बिघडते."

मोनिकानं स्क्रीनकडे बघितलं. पेटीच्या दांड्याला एक पांढरी टोपी अडकवलेली होती. तिच्या टोकातून पाणी गळत होतं.

टप्...

ती नुकतीच त्या पेटीला हात लावून आली होती. तिथं टोपी नव्हती.

फैयाजभाई उठून आत गेला आणि आला. "आत काही नाहीये," एवढंच म्हणाला. मग खुर्चीत बसून हळूच काहीतरी पुटपुटत राहिला. स्क्रीनवरही आता टोपी नव्हती.

थोड्या वेळानं आदिनाथ सर आले. एकटे नाही. मागं भरलेला टेम्पो घेऊनच आले. पास झालं की इथूनच माल कोपरगावला जाणार होता. टेम्पोवाला गोरक्ष लॅबच्या अंगणात टेम्पो लावून सावलीला बसला.

मोनिकानं त्यांना टोपीचं सांगितलं नाही. बल्बचं सांगितलं. पुन्हा करून दाखवलं. खट्. बल्ब पेटला.

सरांचा चेहरा उतरला. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. पण त्या ऑर्डरवर कंपनी उभी होती, कामगार उभे होते. बुडत्या माणसाचा हात काडीकडे जातोच.

"फैयाजभाई, वायर आखूड करून पेटीला आतून फॉइल लावली तर?"

"मग बहुतेक पास होईल."

"मग लावू. मोनिका, लाव."

"आणि टेम्पोतला माल, सर?"

"तो जाऊ दे. पुढच्या लॉटपासून सुधारू."

"सर, टेम्पोतल्या सगळ्या पेट्यांत तीच लांब वायर आहे. बिभीषणभाऊंच्या पेटीत होती, तीच."

सर तिच्याकडे बघायला तयार नव्हते. "त्याचा काय संबंध? तिथं कुठं अशा लहरी होत्या? उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नको. फॉइल लाव."

नोकरी म्हटल्यावर काय करणार? मोनिकानं फॉइल लावली. वायर कापली. दार बंद केलं. फैयाजभाईनं मशीन सुरू केलं. तो आकडा आला... गेला. बल्ब बंदच.

"बघ," सर म्हणाले. "झालं ना पास? करा सर्टिफिकेट."

फैयाजभाईनं सर्टिफिकेटचा कागद पुढं ओढला, पण लिहायला घेतलं नाही. समोरच्या पेटीचा निकाल खरा होता. तो टेम्पोतल्या पेट्यांना लावणं खोटं होतं.

तेवढ्यात अंगणातून गोरक्ष पळत आत आला. धापा टाकत होता.

"सायेब... सायेब, टेम्पोत कोन हाय?"

"कोण असणार? माल आहे."

"खोक्यात मानूस बोलतोय, सायेब."

तिघं बाहेर गेले. ऊन रणरणतं होतं. रस्त्यावरून ट्रक चालले होते. पत्रा कापायची मशीन मात्र बंद पडली होती, त्यामुळे नीट ऐकू येत होतं.

आधी एका खोक्यातून. मग दुसऱ्या. मग तळाच्या. एका सुरात नाही, थोडं पुढं-मागं, भरल्या बाजारात माणसं बोलतात तसं. टेम्पोभर पेट्या. बंद खोक्यांत, सिमशिवाय, लाइटशिवाय. त्यांत बॅटरीसुद्धा बसवलेली नव्हती. ती शेतकऱ्याकडे फिटिंगच्या वेळी बसते.

"खाली मानूस हाय..."

"खाली मानूस हाय..."

"खाली मानूस हाय..."

आदिनाथ सर अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

मग सगळ्या पेट्या गप्प झाल्या. एकच, टेम्पोच्या दाराशी असलेल्या खोक्यातली, हळू आवाजात बोलली.

"शेठ... तिला सांगा."

कंपनीत सगळे त्यांना सर म्हणायचे. गोरक्ष साहेब म्हणायचा. शेठ म्हणणारा एकच होता.

सर त्या तापलेल्या फरशीवर मटकन खाली बसले. दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. तसेच बसून म्हणाले, "गोरक्ष, टेम्पो परत ने." मग आत जाऊन त्यांनी फैयाजभाईला सांगितलं, फॉइल काढा, आणि जे आहे ते लिहा. नापास.

दुसऱ्या दिवशी ते आणि मोनिका बिभीषणच्या वस्तीवर गेले.

आप्पासाहेब ओट्यावर बसले होते. भावकीतली दोन-चार माणसं होती. रंगुबाई लांब, गोठ्याच्या कडेला, तिच्या वेगळ्या चुलीपाशी. सर उभ्यानंच बोलले. खाली बसलेच नाहीत.

"आप्पा, मी दहाव्याला जे बोललो ते चूक होतं. स्टार्टर आपला आपण चालू होतो. आम्ही काल डोळ्यांनी बघितलं. हिनं कॉल केला नव्हता. दोष आमच्या पेटीत होता. माझा होता."

मोनिका रंगुबाईजवळ गेली.

"वहिनी, त्या दिवशी विहिरीजवळ कुणी वायरलेसवर बोलत होतं का? हातातला असतो, जाड, आखूड काडीचा?"

रंगुबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"कारखान्याची जीप हुती बांधावर. ऊस बघाया आल्ता त्यांचा मानूस. त्याच्या हातात हुतं ते खरखर वाजनारं. विहिरीपाशीच हुबा ऱ्हाऊन बोलत हुता." तिनं बांधाकडे बोट केलं. "त्यालाबी काय ठावं, बिचाऱ्याला. त्यानंच हाका मारून मानसं गोळा केली. मी सांगत हुते समद्यांला, जीप हुती, जीप हुती. कोनी आयकलंच न्हाई, ताई."

ज्या आकड्याला बल्ब पेटला होता, त्याच पट्ट्यात असे वायरलेस चालतात. फैयाजभाईनं कालच सांगितलं होतं.

ओट्यावर आप्पासाहेब खाली मान घालून बसले होते. म्हातारा माणूस. मुलगा गेला तेव्हा रडले नव्हते म्हणे. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं. घसा खाकरला.

"सूनबाई," ते म्हणाले. "पानी आन."

रंगुबाई हलली नाही. तिला खरं वाटेना.

"आन बाई. तान लागलीया मला."

ती उठली. तिच्या माठातून तांब्या भरला. घाईत निम्मं पाणी वाटेतच सांडलं. आप्पासाहेबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा प्याले. एक थेंब ठेवला नाही.

आणि त्याच क्षणाला...

विहिरीकडून आवाज आला. खांबावरच्या जुन्या पेटीतून. बिभीषण गेला त्याच दिवशी तिच्या सगळ्या वायरी तोडल्या होत्या. सिम काढून टाकलं होतं. पेटी नुसती लटकत होती, हात लावायला कुणी धजावत नव्हतं म्हणून.

"मोटार बंद झाली हाय."

मोनिका दचकून मागं सरली. सरांनी ओट्याच्या खांबाला धरलं. पण वस्तीवरचं कुणी दचकलं नाही. आप्पासाहेबांनी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि विहिरीकडे बघत राहिले.

"रोज बोलतंय ते, ताई," रंगुबाई म्हणाली. पदर तोंडाला लावला होता तिनं. "रोज ह्याच टायमाला. पन आजपातूर 'चालू झाली' म्हनायचं. 'बंद झाली' आजच म्हनलं."

त्यानंतर ती पेटी कधी बोलली नाही.

कंपनीनं विकलेले सगळे जुने स्टार्टर परत मागवून बदलून दिले. त्यात वर्ष गेलं, कोपरगावची ऑर्डर गेली. कंपनी कशीबशी तरली. नवी पेटी फॉइल-बिइल न लावता पास झाली. मोनिका आजही तिथंच आहे. पण त्या लोखंडी खोलीत ती एकटी जात नाही, आणि जाताना ओढणी बाहेर दाराच्या दांड्याला अडकवून जाते. फैयाजभाई तिला हसत नाही. तोही रुमाल अडकवतो.

ते वाक्य कुठून आलं? मोनिकानं ती चिप पुन्हा पुन्हा तपासली. चारच वाक्यं आहेत. स्क्रीनवरचं त्या क्षणांचं रेकॉर्डिंग बघितलं. त्यात टोपी नाही, आवाजही नाही. नुसती पेटी आणि बंद बल्ब.

आता माझं सांगतो आणि थांबतो.

माझ्या विहिरीवर त्यांचाच स्टार्टर आहे. बदलून मिळालेला, नवा. आवाज मात्र बिभीषणचाच ठेवलाय. रंगुबाईनंच सांगितलं, बोलू द्या त्यांना.

पूर्वी मी घरातूनच मिस कॉल द्यायचो. हल्ली नंबर लावायला फोन हातात घेतो आणि बोट थांबतं. मग चपला घालतो. विहिरीपर्यंत चालत जातो. पेटीवर काही अडकवलंय का बघतो, काठावरून खाली वाकून बघतो. घरचे हसतात. विहिरीवर जाऊन, तिथं उभं राहून तिथल्याच पेटीला फोन लावणारा मी एकटाच असेन.

परवा असाच गेलो होतो. वाकून बघितलं. खाली कुणी नव्हतं. फोन लावला. रिंग गेली, पण मोटार लागेना. पेटी बोलेना. मी पुन्हा वाकून बघितलं, या वेळी नीट, कपारीच्या अंधारापर्यंत.

कपारीजवळच्या पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगत होतं. टोपीएवढं.

मी फोन ठेवला. त्या दिवशी पाणी दिलं नाही.